कारभार बाईचा, उत्तर मालकाचं?



मी शेतकीची पदवी घेतली; पण बियाण्यासाठी ज्वारीचं कणीस निवडायला आईकडून शिकलो. कापूस वेचणीला किती बाया लावायच्या, कोणी किती किलो वेचला, मजुरी किती झाली, सगळं घरच्या बाईला तोंडपाठ. हा कारभार नाही तर काय?

१९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत एक तृतीयांश, तर महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायांना मिळाल्या. तरी 'बाईला काय कळतं' हे आपल्या तोंडून जात नाही. मागच्या बैठकीत सरपंचबाईंना प्रश्न विचारला. उत्तर त्यांच्या मालकांनी दिलं. कोणी हटकलं नाही. मीही नाही.

आज तोच प्रश्न पुन्हा विचारतो. सरपंचबाई, तुम्ही बोला. मालकांनी ऐकायचं.