‘लग्नाआधी कप चालतो का गं?’

हेडफोन नसतील तरी आवाज कमी करू नका. आज मेन्स्ट्रुअल कपबद्दल बोलायचंय.

कपवर रील्स ढीगभर, वापरणाऱ्या मात्र मोजक्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयाच्या मुलींमध्ये पॅड वापरणाऱ्या होत्या ६४ टक्के, कापड ५० टक्के. (बऱ्याच जणी दोन्ही वापरतात.) आणि कप? ०.३ टक्के. म्हणजे हजारात तिघी!

किंमत हे कारण मला फारसं पटत नाही. तीनशे-चारशे रुपयांपासून कप मिळतो आणि नीट जपला तर काही वर्षं टिकतो. खरा प्रश्न हळू आवाजात येतो: ‘लग्नाआधी चालतो का गं?’ म्हणजे, पडदा फाटला तर?

तर त्या पडद्याबद्दल. योनिपटल म्हणजे काही सीलबंद झाकण नाही. तसं असतं तर पाळीचं रक्त बाहेर आलं कुठून असतं? ती योनीच्या तोंडाशी असलेली लवचीक घडी असते, प्रत्येकीची वेगळी. कपमुळे ती ताणली जाऊ शकते, कधी थोडी फाटूही शकते, हे मी लपवणार नाही. पण त्यावरून मुलीचा संबंध आला की नाही, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. २०१९ मध्ये आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानं ‘कौमार्याची लक्षणं’ हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढून टाकला, कारण त्याला शास्त्रीय आधारच नाही. जे डॉक्टरांच्या पुस्तकातून गेलं, ते आपल्या घरातून कधी जाणार?

आता वापराचं. कप आत हरवत नाही, कारण गर्भाशयाच्या तोंडाचं छिद्र अगदी बारीक असतं. लघवीची वाट वेगळी, त्यामुळे दर वेळी काढायची गरज नाही. हात धुवायचे, कपची सी आकाराची घडी करायची आणि सरळ वर नाही, माकडहाडाच्या दिशेनं सरकवायचा. काढताना तर दांडी ओढूच नका! उकिडवं बसा, खाली जोर द्या, कपचा तळ चिमटीत दाबून हवा सुटू द्या, मग काढा. बारा तासांच्या आत रिकामा करायचाच. तांबी बसवली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण कप ओढताना तीही निघू शकते.

पहिल्या एक-दोन पाळ्यांत गळेल, चिडचिड होईल. तेव्हा सोबत पॅड ठेवा. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये ४३ अभ्यासांचा आढावा आला होता. त्यात कप वापरून पाहिलेल्यांपैकी साधारण ७० टक्के जणी पुढेही वापरायला तयार होत्या. खूप दुखत असेल तर मात्र रेटू नका, स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा.

हॉस्टेलवाल्यांची अडचण वेगळीच: उकळायचा कुठे? पाळीच्या आधी आणि नंतर पाच-दहा मिनिटं उकळावाच लागतो. त्यासाठी एक छोटं पातेलं वेगळं ठेवा. रूममेटनं विचारलं तर सांगून टाका, चहाचं नाहीये ते!

आणि कप नकोच वाटला, तर पॅड आहे, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेलं कापड आहे. ‘अजून पॅडच वापरतेस?’ असं मैत्रिणीला हिणवणाऱ्या बायाही मला तितक्याच खटकतात.

पुढच्या भागात पाळीतल्या दुखण्याबद्दल बोलू. कपबद्दलचे प्रश्न व्हॉइस नोटनं पाठवा, नाव नाही सांगितलं तरी चालेल.