डबा पहिल्या शाळेचा

(मंडळाच्या पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा आपल्या मंडळातील काही घरांतील मुले प्रथमच शाळेची पायरी चढणार आहेत. तेव्हा त्यांच्या डब्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात एवढा लहान विषय कशाला, असे प्रथम आम्हां उभयतांना वाटले. परंतु मूल ज्या दिवशी आपल्या नजरेआड पहिला घास घेते, त्या दिवसाची काळजी परक्या मुलखात राहणाऱ्या आईबापांना समजावून सांगावी लागत नाही.

आमचा अनुभव तिरुभुवनमचा. कुंभकोणमहून मायिलाडुतुरैकडे जाताना थोड्याच अंतरावर हे गाव लागते. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेले कंपहरेश्वराचे मंदिर आणि रेशमी साड्यांचे माग यांसाठी ते प्रसिद्ध आहे. नोकरीनिमित्त १९९४ साली आम्ही तेथे बिऱ्हाड केले. तंजावर प्रांतात मराठी माणूस अगदीच पाहुणा नव्हे. व्यंकोजीराजांच्या काळापासून आपला स्वयंपाक तेथे मुरला आहे. आपले डांगर तेथे पच्चडी होऊन पानात येते. शेजारच्या तिरुविडैमरुदूरला तर १७९८ साली गादीवरून उतरलेले अमरसिंह महाराज येऊन राहिले होते. हा सारा इतिहास आम्ही पाहुण्यांना अभिमानाने ऐकवीत असू. आमच्या चार वर्षांच्या मुलीला मात्र त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तिला तमिळ येत नव्हते, एवढेच खरे.

डबा घेण्यासाठी आम्ही कुंभकोणमला गेलो. हे गाव भांड्यांचे. पितळेचे डबे पाहून डोळे निवतात. पण कल्हई उडालेल्या पितळेत दही किंवा चिंच कळकते आणि विषासमान होते, म्हणून तो मोह आवरला. ॲल्युमिनियम हलके खरे, पण तेही आंबटाने झिजते. प्लास्टिकच्या डब्यावर चित्रे होती, मुलीचे मन तिकडे ओढत होते. गरम अन्न त्यात भरू नये, या विचाराने आम्ही ते नाकारले. शेवटी पोलादी डबा घेतला, तीन पुडांचा, बाजूला भक्कम खटके असलेला. पोळी, भाजी आणि भात, तिन्हींना स्वतंत्र पूड! दुकानदाराने त्यावर मुलीचे नाव तमिळ अक्षरांत कोरून दिले. त्या लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर असल्याने नावाचा उच्चार थोडा बदललाच, पण तो बदल आम्ही हसत पत्करला. घरी आल्यावर मुलीकडून डबा दहा वेळा उघडवून घेतला. ती सहज उघडीत असे. आम्ही निर्धास्त झालो.

पहिल्या दिवशी डबा भरलेला परत आला. दुसऱ्या दिवशीही तेच. भाजी बदलली, शिरा दिला, तूपसाखरपोळी दिली. सारे जसेच्या तसे परत. घरचे अन्न तिला नकोसे झाले की काय, या शंकेने आम्ही मनातून फार खट्टू झालो. चौथ्या दिवशी तिला रागावलो. ती काही बोलली नाही; नुसती डब्याकडे पाहत राहिली.

उलगडा शेजारणीने केला. ते विणकर कुटुंब सौराष्ट्री बोलणारे. त्यांच्या घरातील बोलण्यात मधूनच एखादा शब्द आपला वाटतो आणि जीव सुखावतो. त्यांची मुलगी आमच्या मुलीच्याच वर्गात होती. बाई तमिळमध्ये म्हणाल्या, "तुमच्या मुलीचा डबा उघडत नाही. ती आमच्या मुलीबरोबर दहीभात खाते."

रिकामा डबा उघडत होता, मग भरलेला का उघडू नये? दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे एक डबा भरून घरीच ठेवला आणि दुपारी उघडू गेलो. आम्हां थोरांनाही तळहात लावून जोर करावा लागला. मुलाला गरम अन्न मिळावे, या हौसेने आम्ही वाफाळता भात भरून झाकण घट्ट लावीत होतो. आतली वाफ निवून तिचे पाणी होई, हवा आक्रसे आणि झाकण आत ओढले जाई. आमची मायाच झाकणावर बसली होती म्हणा ना! आणि "उघडून द्या" असे म्हणायला मुलीजवळ शब्द नव्हता. आम्ही तिला नमस्कार, नाव, पत्ता सारे तमिळमध्ये शिकविले होते. तेवढे राहिले होते.

त्या रात्री तिची आम्ही क्षमा मागितली आणि "तिरंदु कोडुंगळ" हे दोन शब्द शिकविले. तीन पुडांचा डबा आमच्या कचेरीत गेला. तिच्यासाठी एकच पुडाचा, बसक्या आकाराचा, नुसते वरून बसणाऱ्या झाकणाचा डबा आणला. पातळ पदार्थ देणे सोडले. सांडण्याचे भयच उरले नाही.

दहीभाताची रीत शेजारणीकडून घेतली: मऊ भात दुधात कालवून कोमट होऊ द्यायचा, मग चमचाभर दही घालायचे, दुपारपर्यंत ते बेताचे विरजते, आंबत नाही. पोळी पूर्ण निवल्यावर स्वच्छ फडक्यात गुंडाळून द्यावी, म्हणजे तिला घाम सुटत नाही. उरून आलेला भात मात्र कितीही जिवावर आले तरी टाकावा. त्या उन्हात संध्याकाळपर्यंत तो खाण्याजोगा राहत नाही. झाकणाला रबरी कडे असेल तर तेही रोज काढून धुवावे, त्याखालीच घाण साठते.

ज्यांची मुले तमिळनाडूतील सरकारी शाळांत जातात, त्यांना हा खटाटोप फारसा नाही. १ जुलै १९८२ रोजी एम. जी. रामचंद्रन यांनी पौष्टिक आहार योजना सुरू केली आणि अलीकडे, २०२२ पासून, प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही देण्यास आरंभ झाला. आमच्या दारावरून ताटल्या वाजवीत जाणारी मुले पाहून आमच्या मुलीला आपल्या डब्याची लाज वाटे, हेही सांगून टाकतो.

तिची स्वतःची मुलगी येत्या जूनमध्ये शाळेत जाणार आहे. गेल्या रविवारी आम्ही नातीचा नवा डबा भरला, झाकण लावले, अर्धा तास थांबलो आणि मग तो तिच्या हाती दिला. तिने तो उघडला, आतला लाडू खाल्ला आणि रिकामा डबा पुन्हा भरून मागितला.