घर कुठलं, हे क्रियापदच सांगतं

लिथुआनियन भाषेत ‘एयो’ म्हणजे जात होता. नुसतं वातावरण! पुढे ‘इश’ जोडा: ‘इशेयो’, निघून गेला. गोष्ट सरकली. आपण ‘निघून’साठी अख्खा शब्द घालतो, तिथे उपसर्गावर भागतं. (‘एइदवो’ मात्र थेट आपलं ‘जायचा’.)

माझा आवडता उपसर्ग ‘पर’. ‘परेयो’ म्हणजे घरी आला किंवा आली. ‘घर’ वेगळं म्हणायलाच नको. आता सर्पराणी एग्लेची लोककथा घ्या. नवरा नागराजा, संसार समुद्रात. मुलांना घेऊन ती माहेरी येते. इथे ‘परेयो’ म्हटलं, तर तिचं घर कुठलं हे सांगणाऱ्याने ठरवूनच टाकलं ना? तिने परत जाऊ नये म्हणून तर भाऊ तिच्या नवऱ्याला मारतात.