मापारी मिंधा नसावा



तुम्ही अचलपूरच्या बाजारात कापूस नेता. तिथे काटा असतो. काट्याजवळ मापारी असतो. तो मापारी व्यापाऱ्याचा मिंधा असेल तर? काटा खरा असूनही तुमचा माल कमी भरेल.

कोर्टाचंही तसंच आहे. कायदा हा काटा आणि न्यायाधीश हा मापारी.

इंग्रजांच्या काळी वऱ्हाडात तहसीलदार सारा वसूल करी. तोच मॅजिस्ट्रेट म्हणून फौजदारी खटलेही चालवी. ज्याचा हुकूम, त्याचाच न्याय! मग गरिबाने दाद कोणाकडे मागावी?

1950 साली आपली राज्यघटना लागू झाली. तिच्या 50 व्या कलमात सांगितलं आहे, की न्यायाचं काम सरकारी कारभारापासून वेगळं करावं. पण नुसतं लिहून भागत नाही. 1973 साली फौजदारी कामाचा नवा कायदा झाला. तो 1 एप्रिल 1974 पासून लागू झाला. तेव्हा खटले न्यायखात्याच्या मॅजिस्ट्रेटकडे गेले. आता तालुक्याच्या न्यायाधीशाची बदली मंत्री करत नाही, हायकोर्ट करतं.

पुढे 2014 साली वरच्या कोर्टांचे न्यायाधीश निवडण्यासाठी सहा जणांचा आयोग नेमण्याचा कायदा झाला. त्यात तीन न्यायाधीश, एक कायदामंत्री आणि दोन मान्यवर असणार होते. न्यायाधीशांनीच बंद दाराआड न्यायाधीश निवडू नयेत, असं त्या कायद्याच्या बाजूचे लोक म्हणत. त्यातही तथ्य होतं. पण 16 ऑक्टोबर 2015 रोजी सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला. कारण कोर्टात सर्वांत जास्त खटले सरकारचेच असतात. ज्याचा खटला, त्यानेच पंच निवडावा का?

तुम्ही म्हणाल, ही मोठ्यांची भांडणं, आम्हाला काय त्याचं? असं नाही, बरं. समजा, कालव्यासाठी तुमचं शेत गेलं. मोबदला कमी मिळाला. तुम्ही कोर्टात गेलात. समोर कोण उभं? सरकार! त्या दिवशी न्यायाधीशाला कोणाची भीती नसली, तरच तुम्हाला न्याय मिळेल.

कोर्टात तारखांवर तारखा पडतात. निकालाला वर्षं लागतात. हे सुधारलंच पाहिजे. पण सुधारणा म्हणून मापाऱ्याला कोणाचा मिंधा करू नये.

आणि एक काम आपल्याही हातात आहे. खटल्यासाठी पुढाऱ्याची चिठ्ठी मागू नका. आज तुमची चिठ्ठी चालली, तर उद्या तुमच्याविरुद्ध दुसऱ्याची चालेल.