हादऱ्याचें मूळ

निफाड तालुक्यांतील बागांतून मुंबईच्या बाजारास जाणारें द्राक्ष हा फार नाजूक माल आहे. घड कितीहि जपून पेटींत मांडले, तरी वाटेंत सतत कंप बसत राहिला म्हणजे देंठाशीं मण्यांची पकड सैल होते, आणि पेटी उघडतांच तळाशीं मोकळे मणी सांपडतात. त्यांना घडाचा भाव कोण देणार? अशाच एका बागाईतदाराची पिकअप जातीची मालमोटार ऐन तोडणीच्या तोंडावर थरथरूं लागली.

ताशीं ६० किलोमीटरच्या पुढें वेग गेला कीं बैठकीखालून कंप येई. प्रथम दोष चाकांवर आला. त्यांचा तोल करून झाला, दोन टायर नवे घेऊन झाले. पुढें इंजिनाखालचीं रबरें बदललीं. तिसऱ्या खेपेस एका गॅरेजांत शाफ्टचे क्रॉस बदलले. पैसा गेला, हादरा राहिला. आणि गाडीच विकून टाकावी असें घरांत बोलणें सुरू झालें.

इंजिनाची शक्ति मागील चाकांकडे नेणारी जी लांब पोलादी नळी गाडीच्या पोटाखालून जाते, ती शाफ्ट. गिअरपेटी एका जागीं बसलेली, तर मागचा आंस पाट्यांवर खालीवर होणारा. म्हणून या नळीच्या टोकांना वांकणारे सांधे द्यावे लागतात. सांध्यांत दोन बेचकीं व त्यांमध्यें अधिक चिन्हाच्या आकाराचा तुकडा असतो. त्यालाच कारागीर क्रॉस म्हणतात. सोळाव्या शतकांतील इटालियन गणिती कार्दानो आणि सतराव्या शतकांतील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांचीं नांवें या सांध्याशीं जोडलेलीं आहेत. सांधा मोठा उपयोगी, पण त्यास एक खोड आहे. तो वांकलेला असतां एका बाजूनें एकसारखी गति दिली, तरी दुसऱ्या बाजूस ती एकसारखी उतरत नाहीं. प्रत्येक फेऱ्यांत ती दोनदां वाढते व दोनदां घटते. यावर तोड अशी कीं दुसरा सांधा तितक्याच कोनांत ठेवावा, आणि नळीच्या दोन टोकांचीं बेचकीं एका ओळींत बसवावीं. मग पहिल्यानें केलेली चूक दुसरा फेडतो. बेचकीं एका ओळींत नसलीं, तर फेड अपुरी राहते आणि उरलेली चूक हादरा होऊन गाडीस बसते.

चौथा मिस्त्री वयस्क होता. त्यानें पान्यास हात लावण्यापूर्वीं विचारपूस आरंभिली.

“मिस्त्री, तोच हादरा हाय अजून. कायबी फरक नाहीं,” बागाईतदार म्हणाला.

“तोच का, आबा? नीट आठवा. आधीं कितीला यायचा?”

“साठाच्या म्होरं.”

“आणि आतां?”

आबा क्षणभर घुटमळले. आतां तो चाळिसालाच सुरू होत होता, आणि बैठकच नव्हे तर सारी तळफळी थरथरत होती. दुखणें एक नसून दोन होतीं. एकापाठोपाठ आल्यामुळें घरच्यांनीं त्यांस एकच मानलें होतें. निदानाचें निम्में काम येथेंच झालें. यंत्राच्या कामांत प्रश्न विचारण्यास वेळ देणारा कारागीर विरळा; गिऱ्हाइकालाहि पाना फिरतांना दिसला तरच पैसे सार्थकीं लागल्यासारखे वाटतात!

पुढें रस्त्यावरची परीक्षा. एकाच वेगानें गाडी आधीं चौथ्या व मग पांचव्या गिअरमध्यें चालविली. इंजिनाचे फेरे बदलले, हादरा बदलला नाहीं, इंजिन सुटलें. नंतर सपाट व मोकळ्या रस्त्यावर गाडी क्षणभर न्यूट्रलमध्यें सोडली. इंजिन मात्र चालूच ठेवलें, कारण ब्रेक व सुकाणू यांस मिळणारें साहाय्य त्याच्यावर अवलंबून असतें. हादरा तरीहि राहिला. आतां संशय उरला तो चाकांवर आणि शाफ्टवर.

तो गणितानें फिटला. आबांच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलीनें चाकावर खडूची रेघ ओढून एका फेऱ्यांतलें अंतर मोजलें, तें २.१ मीटर भरलें. ताशीं ६० किलोमीटर म्हणजे मिनिटास १००० मीटर. भागाकार केला तर चाकाचे मिनिटास सुमारें ४७६, म्हणजे सेकंदास ८ फेरे. या गाडींत चाकाच्या एका फेऱ्यास शाफ्टचे सुमारें ४ फेरे होतात. म्हणजे शाफ्टचे सेकंदास ३२. कंप ८ भरला तर दोष चाकाचा, ३२ भरला तर शाफ्टच्या तोलाचा, आणि ६४ भरला तर सांध्यांच्या मांडणीचा. हल्लींच्या मोबाइल फोनांत कंप मोजण्याची सोय असते. फोन तळफळीवर घट्ट धरला तेव्हां मोठा आकडा ६४च्या आसपास आला. त्याच्या शेजारीं ३२चाहि एक लहान उंचवटा होता.

मग मिस्त्री गाडीखालीं शिरला. चाकें जमिनीवरच ठेवून त्यांस ठोकळे लावले होते; जॅकवर मागचा आंस लोंबता ठेवला तर सांध्यांचे कोन पालटतात आणि मापन फसतें. शाफ्टच्या सरकत्या जोडापाशीं उत्तर होतें. क्रॉस बदलतांना जोड ओढून वेगळा केला होता. खूण केली नव्हती, आणि परत घालतांना तो दोन दांते चुकवून बसला होता. दोन्ही बेचकीं एका ओळींत नव्हतीं. नळीवर पुढें बोटभर लांबीचा एक चकचकीत डाग दिसला. तेथें तोलासाठीं डकवलेली पत्र्याची चकती गळून पडली होती. मूळचा, साठाच्या पुढचा हादरा त्या चकतीचा होता. चाकें आणि इंजिन बिचारीं निष्कारण भोगलीं. मधल्या बेअरिंगचें रबर एका बाजूनें फाटूं लागलें होतें. तें पुरतें सुटलें असतें तर भरल्या गाडीखालीं शाफ्ट रस्त्यावर आदळला असता.

जोड बरोबर दांत्यांवर बसला, शाफ्ट तोलासाठीं नाशिकास जाऊन आला, रबर नवें पडलें. क्रॉस नवेच होते, ते राहूं दिले. परतीच्या चाचणींत दोन्ही उंचवटे जवळजवळ सपाट झाले. मिस्त्रीनें छिन्नीनें जोडाच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर एकेक ठिपका मारला व तो मुलीस दाखविला. “ताई, पुढं कोणीबी शाफ्ट काढला तर हे दोन डोळे एकमेकांसमोर आले कां तें बघायचं.” आबांनीं बिल विचारलें, तें दोन टायरांच्या किमतीहून पुष्कळच कमी निघालें. त्याच रात्रीं हौद्यांत पेट्या चढल्या.