वही मिटल्यावर काय उरते?

(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



आज गुणवंतांचा गौरव झाला. मला मात्र रात्रंदिवस वाचूनही कमी गुण मिळालेल्यांशी बोलायचे आहे. कारण मी त्यांच्यातलाच एक होतो. बारावीला रसायनशास्त्राची वही मी इतक्या वेळा वाचली होती, की कोणते सूत्र कोणत्या पानावर आहे, हे सांगू शकत असे. परीक्षेत पान आठवले. सूत्र आठवले नाही!

वारंवार वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो. ओळख म्हणजे स्मरण नव्हे. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक यांनी 2006 मध्ये याची परीक्षा घेतली. एका गटाने उतारा चार सत्रे वाचला. दुसऱ्याने एकच सत्र वाचून तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे 40 टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के मजकूर आठवला.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. त्यांत वाचन ही केवळ पहिली पायरी आहे. पुढे प्रश्न विचारणे, चिंतन, शुद्ध आवृत्ती आणि इतरांना सांगणे आहे. स्वाध्यायाचे ध्येय परीक्षेहून फार उंच. पण त्याची शिस्त शालेय अभ्यासालाही उपकारक आहे.

म्हणून धडा शिकवला त्याच रात्री वही मिटा आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा. मग वही उघडून राहिलेले व चुकलेले तेवढे लाल शाईने दुरुस्त करा. विस्मरणाचा वेग आरंभी सर्वाधिक असतो, हे एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवले. यासाठी पुन्हा तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने हेच करा. धाकट्या भावंडाला धडा समजावून सांगा. जेथे अडखळाल, तेथेच अभ्यास कच्चा आहे.

आठवताना कष्ट पडतील, निराशाही येईल. ते अपयश नव्हे. स्मरण तेथेच घडत असते.

पालकांनो, “किती तास वाचलेस?” असे विचारू नका. “वही मिटून मला काय सांगशील?” असे विचारा आणि न रागावता ऐका.

जय जिनेंद्र!