चिंचोक्यांतून मराठी आकडे



नातवंडांना ‘फिफ्टी नाईन’ कळतं, ‘एकोणसाठ’ म्हटलं की ती तोंडाकडे बघतात. मग आपलं वयसुद्धा आपण त्यांना इंग्रजीत सांगतो! शाळेवर रागावून काय उपयोग? मूठभर चिंचोके घ्या. दहा-दहाचे सहा ढीग लावले, साठ झाले. त्यातला एक मुलांना उचलायला सांगा. एकाने ऊन, म्हणजे एकाने कमी, साठ: एकोणसाठ! एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच युक्ती चालते. नव्व्याण्णव मात्र वेगळा, तो नव्वद आणि नऊ. हे कोडं त्यांनाच सोडवू द्या. मग भाजीचा हिशेब मराठीत करायला लावा. रोज पंधरा मिनिटं पुरतात. नातवंडांना आपलं वय मराठीत कळावं, एवढीच इच्छा.